शुक्राची चांदणी आणि शत्रूचे विमान

१/
ऑगस्ट २०१२. लडाखमधील पँगाँग सरोवराच्या काठी ठाकुंग येथे पहाऱ्यावर असलेल्या जवानांना रात्रीच्या आकाशात एक पिवळसर, तेजस्वी वस्तू दिसू लागली. ती पूर्वेकडे, म्हणजे चीनच्या बाजूला, डोंगरांच्या कडेवरून वर येई, तीन ते पाच तास संथपणे आकाशातून सरके आणि मग दिसेनाशी होई. दुसऱ्या रात्री तोच प्रकार. तिसऱ्या रात्रीही तोच.

२/
जवानांनी आपले काम चोख केले. प्रत्येक दर्शनाची नोंद ठेवली. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या आणि त्यांपैकी १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून अलीकडे आली, असे लिहिले गेले. संशय उघड होता : चिनी टेहळणी ड्रोन. फिरते रडार डोंगरावर चढवण्यात आले, पण रडारला काहीच सापडेना.

३/
अखेर उत्तर मिळाले. एक वस्तू गुरू होती, दुसरी शुक्र. देवांचे गुरू बृहस्पती आणि दैत्यांचे गुरू शुक्राचार्य सीमेवर घुसखोर ठरले होते.

हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु या धाग्याचा विषय ते हसू नाही. प्रशिक्षित, सावध आणि प्रामाणिक माणसे आकाशातील सर्वांत परिचित ज्योती ओळखण्यात का चुकतात? आणि अशा चुकलेल्या साक्षीचे इतिहासाच्या अभ्यासकाने काय करावे? तीन शतकांतील काही प्रसंग पाहू.

४/
आधी आरोपीची ओळख. सूर्य आणि चंद्र सोडले तर आकाशात नित्य दिसणाऱ्या ज्योतींमध्ये शुक्राइतके तेजस्वी काहीच नाही. व्याध हा रात्रीचा सर्वांत ठळक तारा. ऐन तेजात असलेला शुक्र त्याच्या वीसपटीहून अधिक प्रखर असतो. घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा शुक्राची चांदणी वर आली की पहाट झाली, हे आपल्याकडे खेड्यापाड्यांत ठाऊक असे. पंचांगात आजही शुक्राचा अस्त आणि उदय आवर्जून दिलेला असतो, कारण त्या काळात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत.

५/
हा अस्तोदयच गोंधळाचे मूळ आहे. शुक्राचे एक चक्र सुमारे ५८४ दिवसांचे. त्यात काही महिने तो संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, मग सूर्याच्या तेजात लपतो, आणि पुढे काही महिने पहाटे पूर्वेला उगवतो. ज्याला हे चक्र ठाऊक नाही, त्याला दर वेळी असे वाटते की काल जिथे काहीच नव्हते तिथे आज अचानक एक प्रखर दिवा लागला आहे. 'हे पूर्वी कधी दिसले नव्हते' हे वाक्य पुढील जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आपली वाट पाहत असते.

६/
लंडन, जुलै १७१६. राजघराण्याविरुद्धचे जॅकोबाइट बंड नुकतेच मोडून काढले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तर ध्रुवीय प्रकाशाचा विलक्षण देखावा युरोपभर दिसला होता आणि लोकांची मने आधीच अस्वस्थ होती. अशात भरदिवसा, सूर्य आकाशात असताना, एक तारा दिसू लागला आणि तोही एक दिवस नव्हे, अनेक दिवस. लोकांनी त्याला अद्भुत चमत्कार मानले.

७/
एडमंड हॅली यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे कारण लिहिले. हा शुक्रच आहे, हे सांगून ते थांबले नाहीत. तो नेमका केव्हा सर्वाधिक तेजस्वी दिसतो याचे गणितही त्यांनी मांडले. शुक्र पूर्ण प्रकाशित असतो तेव्हा तो आपल्यापासून फार दूर असतो. तो जवळ येतो तसा मोठा दिसतो, पण त्याची कोर बारीक होत जाते. या दोन्हींचा मेळ जमतो तेव्हा, म्हणजे तो सूर्यापासून सुमारे ४० अंशांवर कोरीच्या रूपात असतो तेव्हा, त्याचे तेज कमाल असते. जुलै १७१६ मध्ये नेमके तसेच घडले होते.

८/
पॅरिस, डिसेंबर १७९७. इटलीची मोहीम जिंकून आलेल्या तरुण सेनापती बोनापार्तचा लक्झेंबर्ग राजवाड्यात सत्कार होता. रस्त्यावर प्रचंड गर्दी. पण लोक सेनापतीकडे न पाहता माना वर करून आकाशाकडे पाहत होते. चौकशी केल्यावर कळले की भरदुपारी एक तारा दिसत आहे आणि तो इटलीच्या विजेत्याचाच तारा आहे, अशी लोकांची खात्री झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रान्स्वा अरागो यांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. तो तारा अर्थातच शुक्र होता.

९/
इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लंडनकरांनी आणि पॅरिसकरांनी जे पाहिले ते खरे होते. दिवसा तारा दिसत होताच. चूक पाहण्यात नव्हती. पाहिलेल्याला नाव देण्यात होती. आणि ते नाव आकाशातून आलेले नव्हते, रस्त्यावरच्या मनःस्थितीतून आले होते. बंडाच्या सावटाखालील शहराला चमत्कार दिसला, विजयाने धुंद झालेल्या शहराला नायकाचे भाग्य दिसले.

१०/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव बदलले. नोव्हेंबर १८९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे आकाशात फिरता दिवा दिसल्याच्या बातम्या छापून आल्या. एप्रिल १८९७ पर्यंत हे लोण शिकागोपर्यंत पोहोचले. कोणी गुप्त संशोधक आपले हवाई जहाज रात्री चालवून पाहत आहे, असा तर्क निघाला. तो काळ यंत्रांवरील अमर्याद विश्वासाचा होता. लोकांची भिस्त थॉमस एडिसनवर इतकी, की या जहाजाशी आपला संबंध नाही, असा खुलासा खुद्द त्यांना करावा लागला. राइट बंधूंचे पहिले उड्डाण अजून सहा वर्षे दूर होते.

११/
या बातम्यांत वर्तमानपत्रांनी रचलेल्या थापाही पुष्कळ होत्या, हे खरे. परंतु प्रामाणिक साक्षीदारही होते, आणि त्या दोन्ही वेळी शुक्र संध्याकाळच्या आकाशात होता. शिकागोजवळच्या डिअरबॉर्न वेधशाळेचे प्राध्यापक जॉर्ज हाफ यांनी तर आणखी एक संशयित पुढे केला : मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा. एप्रिलच्या संध्याकाळी तो पश्चिमेकडे उतरत असतो. लोकांना जहाजाचा लाल दिवा पश्चिमेकडे निघून जाताना दिसत होता.

१२/
आता ब्रिटन, १९१२-१३. ऑक्टोबर १९१२ मध्ये शीअरनेस या नाविक तळावर रात्री विमानासारखा आवाज ऐकू आला. नोव्हेंबरमध्ये त्यावर संसदेत प्रश्न विचारला गेला आणि नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांना उत्तर द्यावे लागले. जर्मनीजवळ झेपेलिन होते. ब्रिटनजवळ त्याला तोड नव्हती. समुद्राने वेढलेले बेट आता सुरक्षित उरले नाही, या जाणिवेने देश बेचैन होता.

१३/
जानेवारी ते मार्च १९१३ या काळात वेल्सपासून यॉर्कशरपर्यंत लोकांना रात्रीच्या आकाशात शत्रूची हवाई जहाजे दिसू लागली. प्रखर दिवा, संथ गती, पश्चिमेकडे प्रयाण. त्या फेब्रुवारीत शुक्र सायंकाळी सूर्यापासून जास्तीत जास्त दूर आणि अतिशय ठळक दिसत होता. सगळीच दर्शने शुक्राची नव्हती, पण अनेकांची दिशा आणि वेळ त्याच्याशी जुळते. त्या काळच्या वृत्तपत्रांतही ही शंका व्यक्त झाली होती.

१४/
त्याच फेब्रुवारीत संसदेने हवाई वाहतुकीचा कायदा कडक केला. निषिद्ध प्रदेशावर आलेले विमान वा हवाई जहाज इशारा देऊनही मागे फिरले नाही, तर त्यावर गोळीबार करण्याची मुभा मिळाली. या कायद्याला इतरही कारणे होती. परंतु तो ज्या हवेत संमत झाला, त्या हवेत शुक्राचाही वाटा होता.

आणि तरीही ती भीती निराधार म्हणता येत नाही. १९ जानेवारी १९१५ च्या रात्री खरी झेपेलिने आली आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बाँब पडले.

१५/
म्हणजे भीती खरी असू शकते आणि तरी पुरावा खोटा असू शकतो. मग डोळा नेमका कुठे फसतो?

पहिले कारण. काळोख्या पार्श्वभूमीवरील एकाकी ज्योतीकडे टक लावून पाहिले की ती हलल्यासारखी वाटते. १७९९ मध्ये टेनेरिफ बेटावर अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांना पहाटेपूर्वी तारे इकडेतिकडे झोके घेताना दिसले आणि त्यांनी ती खरीच घटना समजून नोंदवली. हालचाल आकाशात नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे, हे पुढे एकोणिसाव्या शतकातच उमगले.

१६/
दुसरे कारण. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश वातावरणाच्या फार जाड थरातून येतो. तो थरथरतो, आणि लाल, हिरवा, निळा असे रंग क्षणोक्षणी बदलतो. व्याध उगवताना हे फार स्पष्ट दिसते. लुकलुकणारे रंगीत दिवे म्हटले की आजच्या माणसाला विमानच आठवणार.

तिसरे कारण. समोरून ढग सरकत असले की ज्योतच उलट दिशेने धावते आहे, असे वाटते. आपण वाहनात असलो की ती आपला पाठलाग करते आहे, असे वाटते. कारण प्रकाशबिंदूकडे पाहून त्याचे अंतर डोळ्याला कळत नाही. कोट्यवधी किलोमीटर आणि दोन किलोमीटर त्याला सारखेच.

१७/
म्हणूनच अनुभवी वैमानिकही सुटत नाहीत. जानेवारी २०११ मध्ये टोरांटोहून झुरिकला निघालेले एक प्रवासी विमान रात्री अटलांटिकवर होते. सहवैमानिक विश्रांतीतून नुकताच जागा झाला होता. समोरून, हजार फूट खालून, अमेरिकी हवाई दलाचे मालवाहू विमान येत असल्याचे कप्तानाने त्याला सांगितले. त्याने समोर पाहिले आणि शुक्रालाच ते विमान समजला.

१८/
त्यानंतर जगभर मथळे झळकले : 'शुक्राला विमान समजून वैमानिकाने सूर मारला!' चौकशी अहवाल मात्र अधिक बारकाईने बोलतो. कप्तानाने ती पहिली चूक दुरुस्त केली होती. नंतर खरे विमान नजरेस पडले तेव्हा ते वरून आपल्याच अंगावर येत आहे, असे झोपेतून पुरत्या न सावरलेल्या सहवैमानिकाला वाटले आणि त्याने विमान खाली दाबले. १४ प्रवासी आणि २ कर्मचारी जखमी झाले. एकाच घटनेचे मथळ्यातले रूप आणि दस्तऐवजातले रूप किती वेगळे असते, याचा हा नमुना अभ्यासकांनी जपून ठेवावा.

१९/
आता नाण्याची दुसरी बाजू. 'शुक्रच असेल' हे उत्तरही आळसाने दिले जाऊ शकते.

७ जानेवारी १९४८ च्या दुपारी अमेरिकेतील केंटकी राज्यावर एक मोठी, चकाकणारी वस्तू दिसली. कॅप्टन थॉमस मँटेल आपले लढाऊ विमान घेऊन तिच्यामागे वर, आणखी वर गेले. जवळ प्राणवायूचा पुरवठा नव्हता. विमान कोसळले आणि २५ वर्षांचे मँटेल मृत्युमुखी पडले. 'उडत्या तबकड्यां'ची चर्चा ऐन भरात असतानाची ही घटना होती.

२०/
सुरुवातीला हवाई दलाकडून शुक्राचे नाव पुढे करण्यात आले. पण गणित जुळेना. शुक्र त्या दिशेला होता खरा, मात्र त्या दिवशी भरदुपारी तो जेमतेम दिसण्याइतकाच तेजस्वी होता. पुढे अधिक संभाव्य उत्तर निघाले : नौदलाचे 'स्कायहुक' नावाचे प्रचंड मोठे, अतिउंचीवर जाणारे संशोधन-फुगे. तो कार्यक्रम तेव्हा गुप्त असल्यामुळे पाहणाऱ्यांना आणि पहिल्या तपासकांनाही त्याचा पत्ता नव्हता. संशयी माणसाने आपल्या लाडक्या उत्तरावरही तितकाच संशय घ्यावा, हे या प्रकरणाने शिकवले.

२१/
यंत्रे तरी निर्दोष असतात का? ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थुले येथील अमेरिकेच्या नव्या रडारने क्षेपणास्त्रांचा हल्ला होत असल्याचा इशारा दिला. प्रत्यक्षात नॉर्वेवर चंद्र उगवत होता. रडारलहरी चंद्रावर आदळून सुमारे अडीच सेकंदांनी परतत होत्या, आणि इतक्या दुरून प्रतिध्वनी येईल, याचा विचार यंत्रणा रचताना झालाच नव्हता. त्याच वेळी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह स्वतः न्यूयॉर्कमध्ये होते. ही बाबही इशाऱ्यावर शंका घ्यायला पुरेशी होती. माणसांनी थांबून विचार केला, म्हणून अनर्थ टळला.

२२/
आता पुन्हा लडाखकडे. थांबून विचार करण्याचे काम तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आले. पँगाँगच्या दक्षिणेला हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, या संस्थेची वेधशाळा आहे. सप्टेंबर २०१२ मधील पहिल्या पाहणीतून खात्रीचे उत्तर निघाले नाही. तेव्हा पुढे पद्धत काटेकोर झाली. वस्तू किती वाजता, कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंशांवर दिसली, याची पद्धतशीर टिपणे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीशी ताडून पाहण्यात आली.

२३/
या तपासामागचे तत्त्व साधे आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो. गुरूही जवळपास हेच वेळापत्रक पाळतो. ड्रोन चालवणारा अधिकारी कितीही शिस्तप्रिय असला, तरी तो आपले यंत्र रोज नेमके चार मिनिटे आधी सोडणार नाही. एका रात्रीच्या नोंदीतून काहीच सिद्ध होत नाही. अनेक रात्रींच्या नोंदी शेजारी ठेवल्या की ग्रह आपणहून ओळख देतो.

२४/
वर्षाचे पंचांग पाहिले तरी सारे जुळते. ६ जून २०१२ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले. सूर्यबिंबावरून सरकणारा तो काळा ठिपका भारतातही हजारोंनी पाहिला. त्यानंतर तो पहाटेच्या आकाशात आला आणि ऑगस्टच्या मध्यावर सूर्यापासून जास्तीत जास्त दूर, सूर्योदयाच्या कितीतरी आधी पूर्वेला झळकू लागला. गुरू वृषभ राशीत रोहिणीजवळ होता. ऑगस्टमध्ये तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवे. ३ डिसेंबरला प्रतियुती झाली, तेव्हा सूर्यास्तालाच पूर्वेला हजर होऊ लागला. पँगाँगच्या पूर्वेला चीनच्या ताब्यातील प्रदेश आहे. पूर्वेला उगवणारी प्रत्येक ज्योत तिथे 'पलीकडून' येते आणि पश्चिमेला सरकते तेव्हा 'रेषा ओलांडते'.

२५/
त्यात चार हजार मीटरांहून अधिक उंचीवरची विरळ, कोरडी, धूळविरहित हवा. मैदानी मुलुखात क्षितिजाजवळचा ग्रह धुरकटातून फिका दिसतो. इथे तो डोंगराच्या कडेवर येताक्षणीच पेटल्यासारखा दिसतो. शिवाय सीमेवर ड्रोनचा वावर ही काही कविकल्पना नव्हती. एप्रिल २०१३ मध्ये देपसांग येथे चिनी सैनिकांनी तंबू ठोकले आणि तीन आठवडे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. अशा जागी पहाऱ्यावरच्या माणसाने प्रत्येक दिव्यावर संशय घेणे, हे त्याचे कर्तव्यच होते.

२६/
म्हणून या कथेतले जवान मला हास्यास्पद वाटत नाहीत. त्यांनी गोळी झाडली नाही, नोंद केली. '१५५ घुसखोऱ्या' हा निष्कर्ष चुकला, पण वेळ आणि दिशा सांगणारे निरीक्षण चुकले नव्हते. निरीक्षण शाबूत होते म्हणूनच निष्कर्ष दुरुस्त करता आला. कोणी केवळ 'आज पुन्हा चिनी ड्रोन आले' एवढेच लिहून ठेवले असते, तर त्या ओळीतून गुरू आणि शुक्र कधीच बाहेर काढता आले नसते.

२७/
इतिहासाच्या साधनांचे वाचनही असेच करावे लागते. बखरीत, रोजनिशीत वा जुन्या वर्तमानपत्रात 'आकाशात अद्भुत तेज दिसले' असे आढळले की दोन टोकाच्या चुका संभवतात : अद्भुत म्हणून जसेच्या तसे स्वीकारणे, किंवा भाकड म्हणून फेकून देणे. त्याऐवजी साक्षीदाराने काय पाहिले आणि त्याला काय वाटले, हे वेगळे करावे. पहिल्या भागावरून त्या रात्रीचे आकाश गणिताने पुन्हा मांडता येते. दुसऱ्या भागावरून त्या समाजाच्या मनात तेव्हा काय चालले होते, ते कळते. दोन्ही माहिती मोलाचीच आहे.

२८/
शेवटी एक विनंती. पुढे कधी रात्री अनोळखी प्रखर दिवा दिसला, तर छायाचित्र पसरवण्याआधी एका ठिकाणी उभे राहून घराच्या कौलाशी किंवा विजेच्या खांबाशी त्याची जागा ताडून पाहा आणि घड्याळातील वेळ लिहून ठेवा. चार-पाच रात्री हेच करा. तो चार मिनिटांचा हिशेब पाळत असेल, तर तो कोण हे ठाकुंगच्या जवानांच्या नोंदींनी आपल्याला आधीच सांगून ठेवले आहे. पाळत नसेल, तर मात्र खरोखर विचारण्याजोगा प्रश्न तुमच्या हाती लागला आहे.

(धागा समाप्त)